न कातरलेली सुपारी

आमच्या नंदुरबारात थंडी अंगाला लागायच्या आधी मिरची नाकाला लागते. दिवाळी सरते न सरते तोच गावाबाहेरच्या पथाऱ्या लाल व्हायला लागतात. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. ओल्या लाल मिरचीचे ट्रॅक्टर तिथं रिकामे होतात, बाया ती मिरची पसरतात, उलटतात, पुन्हा पसरतात, आणि वारा गावाकडे फिरला की सगळा तिखटपणा न विचारता घरात येऊन बसतो. बाहेरचा पाहुणा दारातच शिंकतो. आम्ही त्याला पाणी देतो आणि मनातल्या मनात हसतो. मी ब्राह्मणपुरीहून लग्न होऊन इथं आले तेव्हा त्या पहिल्या हंगामात शिंकून शिंकून अर्धी झाले होते. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून गुनी शे, पन नाक नाजूक शे."

यंदाही मिरची आली. सकाळी दार उघडलं, वास आला, आणि छातीत धडधडायला लागलं. गेली दोन वर्षं हे असंच होतंय. डॉक्टरांना दाखवण्यासारखं काही नाही. दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात, एका संध्याकाळी, आमच्याच पथारीवरच्या शेडात मी एक आवाज ऐकला होता. तो अजून गेलेला नाही. मिरचीच्या वासाने जागा होतो, एवढंच.

त्याचं सगळं श्रेय शाहीनला, आणि तिखटाला.

शाहीन ही बँडवाल्या यासीन मास्तरांची धाकटी मुलगी. शाळेत माझ्या वर्गात होती. मी मराठी शिकवायचे आणि ती मागच्या बाकावर बसून माझ्या टेबलावरचा बंद रेडिओ डोळ्यांनीच उघडून बघायची. वडिलांच्या कुकर-कुलपं दुरुस्तीच्या टपरीवर बसून धातूला डाग देऊन जोडायला शिकली, पुढे सुरतेला नोकरीला गेली आणि तिथं तिला हा नाद लागला. यंत्रांचं संगीत. त्यात गाणं नसतं, शब्द नसतात, वाजवणारा कुणाची फर्माईश घेत नाही. जाहिरात करत नाहीत, पत्रिका छापत नाहीत, जागा कुठली ते ऐनवेळी फोनवर कळवतात. याला अंडरग्राउंड म्हणतात म्हणे. मी म्हटलं, बाई, आमच्या शेडाला धड पाया नाही, तळघर कुठून आणू?

कारण ती शेडच मागायला आली होती.

"माई, शेड देशात का एक संध्याकाळ?"

"काय करशी शेडमा?"

"वाजाडसू."

"लगीन कोनं शे?"

"कोनंच नही."

"मंग?"

"मंग काहीच नही. लोक येतीन, ऐकतीन, जातीन."

मी तिच्याकडे बघत राहिले. खानदेशात लग्न नसताना वाजवणं म्हणजे भूक नसताना पंगत बसवण्यासारखं. मग ती हळूच खरं बोलली. "माई, अब्बानी क्लॅरनेट मी धाकली व्हतू तवय ऐकेल शे. आते याद बी नही. त्यासना म्होरला दात हाली ऱ्हायनात. डॉक्टर सांगस, काढना पडतीन. मंग कवयच नही."

क्लॅरनेट वाजवणाऱ्याचे पुढचे दात गेले की ओठ कशावर टेकवणार? एवढं मलाही कळत होतं. म्हणजे हा सगळा खटाटोप, सुरतेहून येणारी यंत्रं, पुण्याहून येणारी कुणी मैत्रीण, हे सगळं एका म्हाताऱ्याच्या हलणाऱ्या दातांसाठी होतं. मी किल्ली काढून दिली.

यासीन मास्तरांबद्दल सांगायचं तर माझ्या लग्नापासून सुरुवात करावी लागेल. आमच्या वडिलांनी नंदुरबारला जाऊन त्यांच्या बँडला सुपारी दिली होती. सुपारी म्हणजे अक्षरशः सुपारी, अख्खी, दोन्ही हातांनी. पैशांची बोलणी वेगळी, ती कोपऱ्यात व्हायची. मास्तर ती सुपारी रुमालाच्या टोकाला बांधत, कोटाच्या वरच्या खिशात ठेवत, आणि मग आभाळ कोसळलं तरी हा माणूस तुमच्या मांडवात हजर. लग्न लागलं, वरात पोचली, जेवणं झाली की बँडवाले गोल बसत, सुपारी कातरत आणि एकेक खांड सगळ्यांनी तोंडात टाकत. काम पुरं झालं. तोवर सुपारी अख्खी, तोवर माणूस बांधलेला. हा त्यांच्या बँडचा रिवाज होता आणि त्यात मास्तरांच्या वडिलांच्या काळापासून कधी फरक पडला नव्हता.

मास्तर वरातीपुढे उलटे चालत. लाल कोट, सोनेरी झालर, तोंड वरातीकडे, पाठ रस्त्याकडे. त्यांना वाटेतला दगड कधी लागला नाही, गाय आडवी आली नाही. घोड्यावरच्या नवऱ्याकडे बघायचं सोडून मी, नवरी, माडीवरच्या खिडकीतून या माणसाची पाठ बघत होते. हे मी आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

मग डीजेचे ट्रक आले. घरांच्या भिंती हलवणारे, पाळण्यातली पोरं दचकवणारे. बँडला कुणी विचारेना. शेवटच्या लग्नानंतर मास्तरांनी शेवटची सुपारी कातरली, वाटली, कोट ट्रंकेत घातला आणि टपरीवर बसून कुकरच्या शिट्ट्या दुरुस्त करायला लागले. मी एकदा कुकर घेऊन गेले तेव्हा म्हणाले होते, "माई, डीजेना म्होरे मन्ही क्लॅरनेट पेटीमाईन निंघनार नही." आणि आता त्यांचीच आंडेर, म्हणजे मुलगी, डीजे झाली होती. देवाला असली थट्टा सुचते.

शेड आठवडाभरापूर्वीच रिकामं झालं होतं, माल पुढे गेला होता. आम्ही ते झाडून काढलं. दोनदा झाडलं, पाणी शिंपडलं, चारदोन पोती बसायला ठेवली. रमीबाई म्हणजे आमच्या पथारीवरची मुकादम. तळोद्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या गावाहून हंगामाला इकडे येते. तिने कोपरान्‌कोपरा बघितला. खाली मिरचीचं एक बी राहिलं नाही. वर कुणी बघितलं नाही. वर पत्रे, पत्र्यांखाली लोखंडी आडवे खांब, आणि त्या खांबांवर माझ्या सासऱ्यांच्या काळापासूनच्या हंगामांची बारीक लाल धूळ. इतकी वर्षं ती तिथं शांत बसून होती, कारण आमच्या शेडात आजवर कुणी छप्पर हलवेल असं काही केलंच नव्हतं.

दिवस मावळायला लोक यायला लागले. दहाला आवाज बंद करायचा हा कायदा, म्हणून लवकर सुरुवात. बाहेर पथारीवर मिरची पसरलेली होती आणि मावळतीच्या उजेडात ती कुठं संपते आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. कॉलेजची पोरं, मास्तरांच्या मोहल्ल्यातली काही घरं, विसरवाडीच्या नाक्यावरचा एक ढाबेवाला, आमच्या बाया, आणि मी, हातात पिशवी घेऊन. त्या पिशवीत माझा अडकित्ता आणि सुपाऱ्या असतात. ह्या सवयीवरून घरात मला रोज बोलणी बसतात, म्हणून आधीच सांगून टाकते.

मास्तर आले. मांडीवर क्लॅरनेटची पेटी घेऊन एका पोत्यावर बसले. शाहीनचा चेहरा एवढा उजळला की दिवे लावायची गरज नव्हती. पेटी आणली म्हणजे वाजवणार, असं तिला वाटलं. मलाही वाटलं.

पहिला सुरतेहून यंत्रं घेऊन आलेला एक बारीक माणूस उभा राहिला. त्याच्यापुढे बटणांच्या पेट्या, आणि दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. त्याने एक ठोका सुरू केला. धम्. धम्. धम्. मी वाट बघितली. बराच वेळ बघितली. शेवटी शेजारच्या पोराला विचारलं, "गाणं कधी सुरू व्हणार?"

"हाईच गाणं शे, माई."

कॉलेजच्या एकाने ओरडून सांगितलं, "भो, आपलं खान्देशी लाव ना!" त्याने मान वर केली नाही. दुसऱ्याने चिठ्ठी पाठवली. त्याने ती न वाचता घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. मला तो माणूस तिथंच आवडला. आयुष्यभर मी सगळ्यांच्या फर्माइशी पुऱ्या केल्या, स्वयंपाकघरात आणि शाळेत. इथं एक जण भरल्या शेडासमोर ठामपणे स्वतःचंच वाजवत होता. माणसं चुळबुळत होती, आणि तरी कुणी जात नव्हतं. त्या ठोक्यात हळूहळू दुसरा ठोका मिसळत होता, मग तिसरा, आणि ऐकता ऐकता माझा श्वास त्याच्या चालीने चालायला लागला होता.

मग त्याने आवाजाला खाली नेलं. इतका खाली की तो कानाला ऐकू येईना, पोटात कळायला लागला. पत्रे थरथरले. आणि वरून लाल धूळ उतरायला लागली.

दिव्याच्या उजेडात आधी ती सुंदरच दिसली. मग पहिली शिंक आली.

मग काय विचारता! अख्खं शेड शिंकायला, खोकायला, डोळे चोळायला लागलं. पोरं दाराकडे पळाली. पुण्याची ती मैत्रीण, जिची वाजवायची पाळी पुढची होती, भिंतीला धरून रडत होती. मी मनात म्हटलं, झालं, संपलं, आता गावभर माझ्या शेडाचं हसं. तेवढ्यात रमीबाई ओरडली, "माई, तोंड बांधा! सगळासले सांगा, तोंड बांधा!"

आमच्या बायांना यात नवं काहीच नव्हतं. दिवसभर त्या तोंडाला फडकं बांधूनच मिरची उलटतात. त्यांनी फडकी काढली, ओढण्या फाडल्या, पोरांच्या नाकांवर बांधल्या. रमीबाईने पुण्याच्या मुलीचं तोंड असं काही आवळलं की तिचे डोळेच तेवढे दिसत होते. पळालेले बाहेर थंड हवेत खोकले, रुमाल बांधले आणि परत आले. हे मला अजून नवल वाटतं, की सगळे परत आले. सुरतेचा माणूस खोकत होता, लालबुंद झाला होता, पण त्याने आवाज कणभर कमी केला नाही.

आणि मग ते झालं. लहान गावात राहणाऱ्यालाच ते कळेल. इथं मी रस्त्याने चालते तेव्हा एकटी मी चालत नाही. अमक्यांची सून चालते, तमक्यांची बाई चालते, मराठीच्या मॅडम चालतात. हात किती हलवायचा तेही ठरलेलं. त्या शेडात एकाएकी कुणालाच तोंड नव्हतं. डोळे तेवढे होते आणि तेही पाण्याने भरलेले. कोण मालकीण, कोण मजूर, कोण कुठल्या मोहल्ल्यातलं, कळायची सोयच उरली नव्हती. आधी पाय हलले. मग खांदे. ढाबेवाल्याच्या पोटाची मला ओळख पटली, पण मी गप्प बसले, कारण तोवर मीही पदर नाकावर घट्ट खोचून नाचत होते. मी! लेकाच्या हळदीत ज्या बाईला ओढून नाचवावं लागलं होतं, ती. पुण्याच्या मुलीने तिच्या तारा जोडलेल्या यंत्रातून गिरणीसारखा घरघराट काढला, त्यावरही आम्ही नाचलो. भीती वाटावी इतका आनंद झाला होता. देवळात वाटायला हवं ते मला मिरचीच्या शेडात वाटत होतं, आणि त्याची मला अजूनही लाज वाटत नाही.

शेवटी शाहीन उभी राहिली.

तिने सुरुवातीला नुसती खुळखुळ लावली. बारीक, कोरडी. आमच्या बाया एकदम थांबल्या. मिरची वाळली की नाही ते बघायला मूठभर उचलून कानाशी हलवतात, आत बिया वाजतात, तोच आवाज होता तो. आयुष्यभर कानाशी ऐकलेला आवाज खोलीएवढा मोठा झाला होता आणि आम्ही त्याच्या आत उभ्या होतो. त्यात विसरवाडीच्या घाटमाथ्याकडे निघालेल्या ट्रकचा गिअर बदलला, तळोद्याच्या जीपवाल्याची हाळी आली, टपरीवरचा हातोडा आला. रमीबाईने माझा हात धरला.

आणि मधेच शाहीनने सगळं काढून घेतलं. खाली एक ठोका ठेवला, वर मोकळी जागा. तिने वडिलांकडे बघितलं.

मास्तर बसून होते. तोंडाला रुमाल, मांडीवर पेटी, अंगठा पेटीच्या खिट्टीवर. खिट्टी उघडत होते, लावत होते, अगदी ठोक्यावर. पण पेटी उघडली नाही.

शाहीनने जागा भरून काढली, पुढे गेली, पुन्हा मोकळी जागा केली. लोकांना वाटलं, अशीच चाल असेल. मला ती जागा दिसत होती. ताट वाढून ठेवावं आणि जेवणारा येऊ नये, तसं झालं होतं. मी नाच सोडून मास्तरांकडे गेले आणि कानाशी ओरडले, "मास्तर, पोर वाट देखी ऱ्हायनी. वाजाडा ना!"

त्यांनी शांतपणे विचारलं, "माले सुपारी कोनी दिधी?"

"आहो, पोटनी पोर शे तुमनी!"

"म्हनीसन तं." ते म्हणाले. "मन्हा बाप सख्खी बहीनना लगीनमा बी सुपारी लिसनच उभा ऱ्हायना. मी आठे पाव्हना म्हनीसन येल शे. पाव्हना वाजाडस का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. नियम होता. सुरतेचा माणूस चिठ्ठी वाचत नाही आणि हा माणूस सुपारीशिवाय वाजवत नाही, दोघांची जात एकच. ज्या मुलीने दूरदेशीची यंत्रं जमवली, सगळ्या गावाचे आवाज गोळा केले, ती घरातलीच गोष्ट विसरली होती. अब्बाला कसली सुपारी, असंच तिला वाटलं असणार. आपल्या माणसाला आपण बोलावणं करतच नाही, धरून चालतो.

मी पिशवीत हात घातला. एक अख्खी सुपारी सापडली. नाचणाऱ्या लोकांतून वाट काढत टेबलाशी गेले, ती शाहीनच्या हातात दाबली आणि मास्तरांकडे बोट केलं. तिने सुपारीकडे बघितलं, कपाळावर हात मारला. ठोका तसाच चालू ठेवून ती खाली उतरली. डोक्यावरून ओढणी घेतली. वडिलांपुढे वाकली आणि दोन्ही हातांवर सुपारी धरून म्हणाली, "मास्तर, काम शे. येशात का?"

अब्बा म्हणाली नाही. मास्तर म्हणाली.

त्यांनी सुपारी उचलली, आणि मग ती बांधायला रुमाल हवा म्हणून तोंडावरचा रुमाल सोडला. टोकाला सुपारी बांधली, रुमाल वरच्या खिशात ठेवला. "येसू," म्हणाले, आणि पेटी उघडली.

वर अजून लाल धूळ तरंगत होती. सगळ्या शेडात तोंडं बांधलेली, एकट्या मास्तरांचं तोंड उघडं. तोंड बांधून क्लॅरनेट वाजवता येत नाही. त्यांनी क्लॅरनेटच्या तोंडाची पत्ती जिभेवर ओली केली, तिखट लागलं, चेहरा वाकडा झाला. पहिली फुंक फुटली, नुसती चिरक. कुणी हसलं नाही. दुसऱ्या फुंकेला एक खालचा, जाड, लांब सूर आला. वरात मांडवाशी पोचली की गाणी थांबवून ते जो सूर लावत, तोच. तो यंत्राच्या ठोक्यावर असा जाऊन बसला, की ही जागा वर्षानुवर्षं त्याचीच राखून ठेवलेली असावी. ते उठले. तोंड आमच्याकडे, पाठ यंत्रांकडे, आणि उलटे चालायला लागले. जमिनीवर तारा, पोती, माणसांचे पाय. कशालाही न अडखळता ते एकेक पाऊल मागे जात होते आणि आम्ही सगळे, तोंडं बांधलेले, त्यांच्या मागून नव्हे, त्यांच्या समोरून, वरातीसारखे पुढे सरकत होतो. टेबलाशी पोचेपर्यंत सूर तुटला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीचं आहे म्हणायची सोय होती. पण मी सांगते, ते रडत होते. शाहीनही रडत होती. मी तर हुंदके देत होते, आणि कुणाला दिसत नव्हतं म्हणून मन भरून देत होते.

दहा वाजले, आवाज बंद झाला. बाहेर दव पडायला लागलं होतं आणि बाया ताडपत्र्या ओढत होत्या. मी अडकित्ता काढून मास्तरांपुढे धरला. "चला, कातरा. काम सरनं." त्यांनी वरच्या खिशावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या, माई." थकले असतील, असं मला वाटलं.

त्या हिवाळ्यातच त्यांचे दात काढले.

या सगळ्याला दोन वर्षं झाली. परवा शाहीनचा फोन आला, शेड मिळेल का म्हणून. मी विचारलं, यंदा वरचे खांब झाडून घेऊ का? "नको, माई," ती घाईघाईने म्हणाली, "हात बी लावू नका."

काल कुकरची शिट्टी घेऊन टपरीवर गेले. लांबूनच ऐकू येत होतं. चिरक, फुस्स, पुन्हा चिरक. शेजारचा चहावाला कपाळाला हात लावून बसला होता. मास्तर नवी कवळी बसवून क्लॅरनेट फुंकत होते. नव्या दातांवर ओठ कसा टेकवायचा ते पहिल्यापासून शिकत होते, आणि सूर लागत नव्हता. मला बघून थांबले. कवळी काढून वाटीत ठेवली, तोंड पुसलं. कोटाचा खिसा नव्हता, सदऱ्याच्या खिशात तो रुमाल होता, टोकाला गाठ.

मी थट्टेने पिशवीतून अडकित्ता काढला. "मास्तर, दोन वरीस व्हयनात. आते तरी कातरा."

त्यांनी खिशावर हात ठेवला आणि बोळक्या तोंडाने हसले. "पोरनी सुपारी शे ती, माई. काम आजून सरनं नही."

मग वाटीतली कवळी उचलून पुन्हा तोंडात बसवली.